बाईंचा पाचोळा

बाईंच्या बनात खराट्याला प्रवेश नव्हता. माणसांना होता, शेजारच्या संत्र्याच्या बागेतून वाट चुकून आलेल्या एका म्हाताऱ्या गाढवालासुद्धा त्यांनी दोन उन्हाळे ठेवून घेतले होते. पण एखाद्या पाहुणीने सवयीने झाडांखालची जागा झाडायला घेतली, की बाई तिच्या हातातून खराटा काढून घेत आणि म्हणत, “राहू दे वं. थो कचरा नाही, झाडाचं जेवण हाय.”

नागपूरहून काटोलकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की बाईंचे चार एकर लागत. बाई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमानांनी लावलेली संत्र्याची झाडे एकामागून एक वाळली, तेव्हा गावाने त्यांना नवी कलमे लावण्याचा सल्ला दिला. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि काहीच लावले नाही. जे आपोआप उगवले ते राखले, जे उगवले नाही त्याचे बी पदराच्या गाठीला बांधून आणले. पंचवीस वर्षांत तिथे साग, मोह, बेहडा, तेंदू, पळस यांचे असे दाट बन उभे राहिले, की भर उन्हाळ्यात फाटक ओलांडताच अंगावरचा घाम गार होई.

मी तिथे कसा पोहोचलो, हे सांगणे मला थोडे लाजिरवाणे वाटते. विमा कार्यालयात तीस वर्षे इतरांच्या नुकसानीचे अर्ज तपासल्यावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आपल्यात एक कलावंत दडलेला आहे असा शोध मला लागला. मी मोठा कॅमेरा घेतला. चौदा खिशांचे एक जाकीट घेतले. त्यातल्या अकरा खिशांत काय ठेवायचे हे मला अखेरपर्यंत कळले नाही. एका रविवार पुरवणीने माझे दोन लेख छापल्यावर तर मी घरातही जरा सावकाश बोलू लागलो. अशा अवस्थेत कुणीतरी मला बाईंच्या बनाविषयी सांगितले.

फाटकाच्या आत एक चपटा दगड होता. येणाऱ्याने आधी त्यावर बसायचे, हा तिथला नियम. “बसा जी,” बाई म्हणाल्या, “तुमाले पाहून पाखरं गप झाले. थे पुन्हा बोलाले लागले, की मंग चला.” या बसण्याचे वर्णन मी लेखात ‘निसर्गाशी झालेला मूक संवाद’ असे केले. प्रत्यक्षात मी त्या वेळात भिंगे पुसली आणि घड्याळ पाहिले.

झाडांची नावे मी बाईंना न विचारता मोबाईलला विचारत असे. मोबाईलने एकदा कुड्याला चमेली ठरवले आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवले. बाई हसल्या नाहीत. शाळेतल्या चुकलेल्या मुलाकडे पाहावे तसे त्यांनी त्या यंत्राकडे पाहिले. “त्याले म्हणा, एक वर्ष इथं येऊन राह्य. मंग नाव सांग.”

मी पाच-सहा वेळा गेलो. प्रत्येक वेळी बाई मला एकच गोष्ट पुन्हा सांगत: “पायवाट सोडू नका आन् पाचोळा हलवू नका.” मी प्रत्येक वेळी मान डोलावत असे. मान डोलावण्याचा मला कार्यालयातला दांडगा अनुभव होता.

चैत्रातली ती सकाळ होती. मोहाच्या फांद्यांमधून ऊन तिरपे उतरले होते आणि पायवाटेच्या एका वळणावर बरोबर पडले होते. असा प्रकाश पंधरा मिनिटे टिकतो. चित्रात एकच दोष होता: सागाच्या वाळक्या, वाकड्या पानांचा पसारा. बाई चहा ठेवायला घरात गेल्या होत्या. मी पळसाची एक डहाळी मोडली आणि वळणाची दहा-बारा फूट जागा, वाटेच्या कडेसकट, झाडून काढली. झाडताना पायाजवळून एक वाळके पान उडून गेले असे मला वाटले. ते पान पंख मारत गेले, हे मी पाहिले. पण चौकटीच्या आड आले म्हणून मला त्याचा रागच आला. मग मी छायाचित्र घेतले, डहाळी झुडपात टाकली आणि निरागस चेहऱ्याने चहा प्यालो.

लेख छापून आला. मथळा माझाच होता: ‘माणसाचा हात न लागलेले बन’. छायाचित्राखाली मी लिहिले होते, ‘पायवाटेच्या कडेचे दोन गुळगुळीत खडेही जणू निसर्गाने स्वतः मांडून ठेवलेले.’ या वाक्यावर मी इतका खूश होतो, की पत्नीने ते दुसऱ्यांदा ऐकण्यास नकार दिला.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. “या एकदा,” एवढेच त्या म्हणाल्या. कौतुकाला बोलावले आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी ते छायाचित्र मोठे करून, चौकटीत बसवून घेऊन गेलो.

बाईंनी मला नेहमीप्रमाणे दगडावर बसवले. चौकट मांडीवर घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग डाव्या कोपऱ्यातल्या त्या दोन खड्यांवर त्यांनी बोट ठेवले. फिकट गुलाबी, तपकिरी ठिपक्यांचे खडे.

“हे काय हाय?”

“खडे,” मी म्हणालो. म्हणता म्हणता मला दिसले.

“रातव्याचे अंडे हायेत, त्या पाचोळ्याच्या रंगाच्या पाखराचे. थो घरटं नाही बांधत, पाचोळ्यातच ठेवते. तुमी झाडलं त्याच्या आधी सात दिवस मी दुरून पाहत होती. आता थो येत नाही. सांजच्याला आवाजबी नाही.” त्यांनी चौकट मला परत दिली. “कॅमेरा चांगला हाय तुमचा. तुमाले नाही दिसले, त्याले दिसले.”

मी क्षमा मागितली. पुढच्या रविवारी जाहीर दिलगिरीचा लेख लिहितो, असेही म्हणालो. हे म्हणताना माझ्या मनात त्या लेखाचे पहिले वाक्य तयारही झाले होते, हे आज कबूल करतो.

“नका लिहू,” बाई म्हणाल्या. “त्यातबी तुमीच दिसान. झाडलं तसं परत टाका.”

त्या दुपारी मी पाचोळा ओंजळीने आणून त्या जागेवर पसरत बसलो. पश्चात्तापातही मी टापटीप सोडली नव्हती. पाने एकसारखी, कडेला कड लावून ठेवत होतो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस ‘साहेब’ आणि ‘जी’ म्हणणाऱ्या बाई पहिल्यांदाच खेकसल्या, “काहून गा, चादर अंथरून राहिला का? पडू दे ना तसंच!” त्या ‘गा’ने मला किती हलके वाटले, हे सांगता येणार नाही.

पुढच्या चैत्रात त्यांचा फोन आला. “आला.” मी कॅमेरा न घेता गेलो, जाकीट मात्र सवयीने घातले होते. दगडावर बसलो, या वेळी खरोखर बसलो. मग बाईंनी दुरूनच बोट दाखवले. “थो पाहा. बसून हाय.” मी पाहिले. पाने, पाने आणि पाने. अर्ध्या तासाने डोळ्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा मी म्हणालो, “हो, दिसला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. “नाही दिसला तुले. बरं झालं. तुले दिसला असता, तर कावळ्यालेबी दिसला असता.”

बाईंना जाऊन आता दोन वर्षे झाली. बन त्यांच्या लेकीने राखले आहे, खराट्याची बंदीही तशीच आहे. त्यांनी लिहू नका म्हटलेला लेख मी अखेर लिहिलाच, आणि त्यांनी सांगितले होते तसा त्यात मीच अधिक दिसतो आहे. याबद्दल त्यांची क्षमा मागायला आता तो दगडच उरला आहे. दर चैत्रात मी त्यावर जाऊन बसतो. रातवा मला अजून एकदाही दिसलेला नाही. दिवस मावळताना त्याचा आवाज मात्र येतो, त्याच वळणाकडून.