चरासकट शाफ्ट

आमच्याकडच्या टर्नरला सगळे 'दशांश' म्हणत. चाळीस वर्षं लेथसमोर वाकून त्याची पाठ गेली, पण मापात केसाचा फरक खपत नसे. गिऱ्हाइकाने "साधारण एवढं" म्हटलं की तो विचारायचा, "लग्नही साधारणच केलंत का?" त्याची स्वतःची बायको माहेरी गेली ती परतलीच नाही. तेवढं एक माप चुकलं, असं आम्ही माघारी म्हणायचो.

माझ्या काकांच्या खोके बनवायच्या मशीनचा शाफ्ट मोडला. बिस्किट कंपनीचे खोके आठ दिवसांत गेले नाहीत तर काम दुसऱ्याला मिळणार होतं, आणि काकांकडे काम ते एकच. दोन वर्कशॉपवाल्यांनी "एकच नग? परवडत नाही" म्हणून वाटेला लावलं. उरला दशांश.

त्याने तुकडे उजेडात फिरवले. "बेअरिंग बसतं तिथे झिजलाय, चर पडलाय. बेअरिंग आणा, त्यावरून माप घेतो."

काका आधीच चिडलेले. "मला शिकवू नकोस. आहे तसाच्या तसा करून दे. तुझं काम घासायचं, डोकं चालवायचं नाही."

बाकीची गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

"बरं, शेठ," दशांश म्हणाला.

पाचव्या दिवशी शाफ्ट मिळाला, आरशासारखा चकचकीत. बसवला तर मशीन सैल कवळीसारखं खडखडायला लागलं. खोके वाकडे. मी धावत दशांशकडे गेलो.

"तसाच्या तसा आहे," तो म्हणाला. "चरासकट. चराला फार मेहनत पडली."

"काकांचा धंदा बुडेल हो, मास्तर."

"त्यांना पाठव. 'डोकं चालव' म्हणू दे, लगेच चालवतो."

काका गेले नाहीत. काम गेलं, महिन्याभरात मशीन भंगारात गेलं. आता ते त्याच बिस्किट कंपनीच्या गेटवर उभे राहून दुसऱ्याच्या खोक्यांचे टेम्पो आत सोडतात.

परवा मला पंपातला झिजलेला बुश नवा करून हवा होता. दशांशच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक शाफ्ट ठेवलेला. तेल लावलेला, पूर्ण मापाचा. काकांच्या मशीनचाच, मी ओळखला.

"हा कधी केलात?"

"आधी हाच केला, बेअरिंग मीच आणून. झिजलेला नंतर."

"मग दिला का नाहीत?"

"मागितला कुठे?" त्याने माझा जुना बुश बोटांत फिरवला. "हा कसा करू? तसाच्या तसा?"

"डोकं चालवा, मास्तर," मी म्हणालो.