पुकारायचा राहिलेला आहेर

काशाप्पाचा आवाज ही त्याची एकमेव वडिलोपार्जित इस्टेट. त्याच्या बापजाद्यांनी मांजरा नदीच्या अलीकडच्या काठावरून पलीकडच्या मेंढ्यांना हाका मारून तो आवाज कमावला. पुढे मेंढ्या गेल्या, कुरण गेलं, आवाज तेवढा घराण्यात राहिला. त्याच्या जोरावर काशाप्पा भालकीच्या आसपासच्या लग्नांत आहेर पुकारायचा. मांडवात कुणी टॉवेल-टोपी केली, पाकीट दिलं, की तो देणाऱ्याचं नाव, गाव, नातं आणि रक्कम अशी काही सोडायचा, की वेशीबाहेर बिडी ओढत बसलेल्या भावकीलाही कुणी हात आखडला ते समजे. मांडववाले त्याच्या हाती माईक देत नसत. एकदा दिला होता, तर कर्णा फाटला होता.

पण या वाघाला एक खोड होती. खुर्चीत बसलेल्या माणसापुढे त्याचा आवाज जायचा. बँकेत स्वतःचं नाव विचारलं तरी तो बायकोकडे बघायचा.

"मांडवात वाघ आन् कचेरीत शेळी," असं लोक म्हणत. त्यावर त्याची बायको अनसाबाई म्हणायची, "शेळी बी न्हाई. शेळी निदान वरडती तरी."

त्याची मुलगी मनीषा हिला बिदरला नर्सिंगची सीट लागली. घरात पहिल्यांदाच कुणाला तरी शिक्षणातलं काही 'लागलं' होतं. एरवी ठेच नाहीतर ऊन. फक्त जात-उत्पन्नाचा दाखला शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात पोचायला हवा होता, नाहीतर सीट पुढच्या मुलीला. दाखला नाडकचेरीतल्या, म्हणजे महसूल कचेरीतल्या, संगणकातून निघतो आणि तिथून थेट कॉलेजला जातो. संगणक बिचारा काही मागत नाही, पण त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. आणि तलाठी होते मृत्युंजय.

मृत्युंजय साहेब तसे गोड माणूस. घरच्यांची चौकशी करत, चहा विचारत आणि शेवटी कानडीत 'नाळे बा' म्हणत; म्हणजे उद्या या. आपल्याकडे दारावर तसं लिहिलं की भूत रोज वाचतं आणि रोज परत जातं म्हणतात. साहेबांनी तोच उतारा माणसांवर चालवला होता. काशाप्पाही रोज जायचा आणि भुताच्या सालसपणानं परत यायचा. गुरुवारी मात्र साहेब मोकळं बोलले. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हणाले, "तुमची खुशी, काशाप्पा. लोकं दोन हजार करतात."

घरी हे सांगताना काशाप्पाच्या डोळ्यात पाणी होतं. अनसाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"काय म्हनला त्यो? दोन हजार देतेत म्हनला, का करतेत म्हनला?"

"करतेत."

"मंग ही लाच कामून म्हनायची? ह्यो तर आहेर झाला. आहेरच करतेत. आन् आहेर गुपचूप करायची रीत हाय का आपल्यात?"

काशाप्पाला तिचा बेत समजला. मनीषा रडायलाच लागली. साहेब चिडले तर अहवाल जागचा हलणार नाही, सीट जाईल, शेजारच्या गुरप्पाकडून उसने घेऊन देऊन टाकू, असं ती परोपरीनं सांगत होती. अनसाबाईनं गुरप्पाकडे निरोप धाडला खरा, पण पैशासाठी नव्हे. त्याची हलगी मागवली.

शुक्रवारी दुपारी नाडकचेरीसमोर हलगी कडाडली. पुढे गुरप्पा, मागे ताट घेऊन अनसाबाई आणि गल्लीतल्या बायका, त्यांच्या मागे फोन मुठीत धरून मनीषा. सगळ्यांत शेवटी काशाप्पा, वर्‍हाडातून चुकून चाललेल्या बळीच्या बोकडासारखा. आत खिडकीपुढे बरीच रांग होती. ती रांग मोडली आणि त्यांच्या मागोमाग साहेबांच्या खोलीच्या दारात गोळा झाली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

मृत्युंजय साहेब खुर्चीत होते. हलगी थांबली. सगळ्यांनी काशाप्पाकडे पाहिलं. काशाप्पानं खुर्चीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. मनीषानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात अनसाबाई पुढे झाली आणि तिनं कुंकवाचं बोट साहेबांच्या कपाळाकडे नेलं.

आता या मुलखात जन्मलेल्या माणसाच्या कपाळाकडे कुंकवाचं बोट आलं, की त्याचं डोकं त्याला न विचारता वागतं. साहेबांची मान झुकली. अनसाबाईनं टोपी घातली आणि टॉवेलची घडी मोडली. टॉवेल बसून घेणं म्हणजे अपमान, हे ज्याच्या रक्तात आहे, त्या मृत्युंजयचे गुडघे आपोआप सरळ झाले. साहेब उभे राहिले.

खुर्ची रिकामी झाली. काशाप्पाचा घसा मोकळा झाला.

"ऐका हो ऐका! तलाठी मृत्युंजय साहेबांना, मुलगी मनीषाच्या दाखल्याबद्दल, काशाप्पाकडून टावेल-टोपीचा आहेर! वर रोख दोन हजार एक! त्यातले दोन हजार साहेबांनी सांगितलेले, अजून यायचेत! वरचा एक रुपया हजर हाय!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. ताटात नारळाशेजारी खरंच एक रुपयाचं नाणं होतं. शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले. साहेबांचा चेहरा टॉवेलाइतका पांढरा झाला, मग लाल. टोपी डोक्यावर तशीच ठेवून ते अगदी हळू म्हणाले, "काशाप्पा, अहवाल अजून माझ्या हातात आहे. पोरीचं बघ."

कुणी हललं नाही. असला आहेर काशाप्पानं जन्मात पुकारला नव्हता आणि पुकारल्यावर पुढे काय करायचं ते अनसाबाईलाही ठाऊक नव्हतं. घड्याळाचा काटा तेवढा पुढे सरकत होता.

मग रांगेतून राघोबा पुढे आला. म्हातारा गावातला मानाचा शेतकरी, पण तोंड फुगलेलं. लग्नात आपला आहेर पुकारायचा राहिला, की जेवण सोडून उठणाऱ्यांपैकी तो एक.

"काशाप्पा, माझा कामून पुकारला न्हाईस?"

"तुमचा, अण्णा?"

"सातबाऱ्याच्या येळंला मी तीन हजार केलो व्हतो साहेबाला. आज तुझा दोन हजाराचा आहेर वाजतगाजत, आन् माझा तीन हजाराचा अंधारात?"

काशाप्पानं सवयीनं श्वास भरला. "राघोबा अण्णांकडून तीन हजार!"

मग मात्र बांध फुटला. नागूबाईला आपल्या पेन्शनीचा आहेर आठवला. मागून कुणी ओरडलं, माझा कोंबड्यासकट पुकार. लाच दिल्याची लाज प्रत्येकाला होती. पण आपला आहेर शेजाऱ्याच्या खाली राहावा हे कुणालाच सोसवेना. एकानं तर पाचशे वाढवून सांगितले आणि त्याच्या बायकोनं तिथंच दुरुस्त केले. कारकून तोंडावर हात ठेवून खाली वाकले. रस्त्यावरची बस थांबून माणसं उतरली.

"अरे, माईक बंद करा तो," साहेब कळवळून म्हणाले.

"माईक न्हाईच, साहेब," काशाप्पा म्हणाला.

मृत्युंजय साहेब मटकन बसले. काशाप्पा पुन्हा खुर्चीतल्या माणसासमोर होता, पण या खेपेला घसा बसला नाही. साहेबांनी संगणक ओढला, अहवाल भरला, पुढे पाठवला. पाचाला थोडं कमी असताना मनीषाचा फोन किणकिणला: दाखला कॉलेजात पोचला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

साहेबांनी टोपी उतरवून टॉवेलासकट पुढे केली. अनसाबाईनं हात मागे घेतला.

"आहेर परत घेत न्हाईत, साहेब. परतफेड करतेत. आमची झाली." तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं. "ह्यांची ऱ्हायली."

रांग पुन्हा लागली, साहेबांच्या टेबलासमोर. काशाप्पा मात्र घरी आला तो मुका होऊन. आवाज पार बसला होता. त्या रविवारी एका लग्नात आहेर पुकारायला त्याच्या हातात माईक द्यावा लागला, आणि तो हळू आवाजात बोलतो आहे हे ऐकून मांडवातली माणसं जेवायची थांबली.