नाडी लागत नाही

आज माझ्या अंगावर डॉक्टरचा पांढरा कोट आहे, तो ज्यांच्यामुळे आहे त्यांना आम्ही लातूरच्या कॉलेजात 'नळीवाले सर' म्हणायचो. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहिले की बोटांत पेन गरागरा फिरवायचे आणि विचारायचे, "बोला, नळी केवढी?"

व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांना येणारी सूज, हा त्यांचा जिवाचा विषय. त्याचे प्रकार इतके, नावं इतकी लांब, की मी रडकुंडीला यायचो. मी जळकोटकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सरांनी एकदा मला मध्येच थांबवलं.

"घरी ठिबक आहे का रे?"

"हाव सर. हळदीला."

"मग तुला सगळं येतंय की! मेन लाइन सुजली तर हाताची नाडी जाते. मधला पाइप सुजला तर पाऊल लुळं पडतं, पोट दुखतं, बीपी चढतं. ड्रिपरजवळच्या बारीक नळ्या सुजल्या तर पायावर ठिपके, लघवीत रक्त. आधी पाइप ओळख, मग नाव पाठ कर."

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण डॉक्टर होऊ शकतो.

सर एका जागी बसलेले मी पाहिले नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, खुर्ची दिली तर तिच्या पाठीला धरून उभीच राहतात. एकदा एक आजोबा नातवाला घेऊन आले. पायभर लाल ठिपके.

"पित्त उठलंय सायेब."

"बाबा, बोटानं दाबा. पुसलं का?"

"न्हाई."

"पित्ताचा चट्टा दाबला की फिका पडतो. हे कातडीखाली रक्त सांडलंय. बारीक नळी!" असं म्हणत सर लघवीच्या तपासणीसाठी स्वतःच धावले.

आजोबा माझ्याकडे वळले. "आमच्या पोराच्या पायात पाइपलाइन कधी टाकली हो?"

पुढे चाकूरची एक तरुण सून वॉर्डात आली. बारीक ताप, चक्कर. सासूची तक्रार वेगळीच होती. "दोन भाकरी थापल्या की हिचा हात गळतो. कामाचं नाव काढलं की दुखणं!" डाव्या हातावर बीपी लागेना, म्हणून सिस्टरांनी मशीन बदलली, मग दुसऱ्या वॉर्डातली आणली. "ही बाई मशीन खाती," असं हसणं सुरू होतं.

सर आले. तिची दोन्ही मनगटं एकदम धरली. मग मानेवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मेन लाइन सुजलीय! ताकायासू म्हणतात या आजाराला! मशीनला काही झालेलं नाही रे, डाव्या हाताची नाडी लागत नाही! आजच गोळ्या सुरू करू. डोळे वाचतील, मेंदू वाचेल."

आम्ही माना खाली घालून लिहून घेत होतो. सासूनं मात्र एवढंच ऐकलं, नाडी लागत नाही. आपल्याकडे हे वाक्य कुणाविषयी आणि कधी बोलतात, ते तुम्हाला सांगायला नको. तिनं "माय वो!" म्हणून तोंडावर पदर घेतला. सर तिकडे दुसऱ्या खाटेकडे निघालेसुद्धा होते. दुपारी गोळ्या घेऊन मी परतलो, तर खाट रिकामी.

सरांना कळलं तेव्हा ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिले. "माझी जीभ! अरे, मी निदान सांगितलं की सुतक?"

सुट्टीच्या दिवशी मला मागे बसवून त्यांनी मोटारसायकल चाकूरला घातली. सासू दारातच आडवी उभी.

"माहेरी धाडली. आमच्या घरात मराय नको."

"मावशी, ती मरत नाही हो! औषध आहे त्याला. माहेर कुठलं?"

"नांदेडकडचं," म्हणून तिनं दार लावलं.

तेव्हापासून नांदेडकडचा कुठलाही रुग्ण आला, की नळीआधी सर तिचीच चौकशी करायचे. तपासताना हात थांबायचा. "तिला आता दिसत असेल का रे?" असं एकदम विचारायचे, आणि मी काही बोलायच्या आत पुढच्या खाटेपाशी पोचलेले असायचे. त्या अस्वस्थपणातच ते निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला गेले. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर हुशार आहेत, शांतपणे बसून शिकवतात.

मी नांदेडजवळ मुदखेडला नोकरीला लागलो. मागच्या महिन्यात सरांना पत्र टाकलं. फोनवर मला बोलणं जमलं नसतं.

"सर, नमस्कार.

ती सापडली. आईबरोबर माझ्या ओपीडीत आली. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं, तो पूर्ण सुधारेल असं वाटत नाही. तुमच्यापासून लपवत नाही. उजवा डोळा चांगला आहे. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू केल्यात, ताप गेला, चक्कर थांबली. आई म्हणाली, 'नाडी गेलेल्याला औषध कशाचं, म्हणून कुठं दाखवलंच न्हाई. रोज सकाळी मी हिच्या नाकापुढं हात धरून बघायचे.' मी दोघींना बसवून सगळं समजावलं. तुम्ही चाकूरला गेला होतात, तेही सांगितलं. ती मग म्हणाली, 'सरांच्या जिवाला घोर लागला असंल. त्यांना कळवा, मी हाय.'"