पचमढीला सगळे गेले तर मागे कोण

पचमढीला एका दिवसात जाऊन यायचं, हे मोठ्या भावाने ठरवलं. कामठ्याजवळच्या आमच्या गावाहून ते अंतर जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या वर भरतं. मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू किलोमीटर जोडत राहा. गाडी मी चालवून राहिलो न."

धानाची रोवणी आटोपली होती, पण बांधीतलं पाणी रोज पाहावं लागतं. वावर दोन दिवस सोडायला तो तयार नव्हता. म्हणून पहाटे दोनला निघायचं, दहा-साडेदहाला पोचायचं आणि तीनला परत फिरायचं. मित्राची गाडी सांगून झाली. वहिनीने मोबाइलवर धबधबे पाहून ठेवले. भावाच्या दोन्ही मुलींनी खिडक्या वाटून घेतल्या.

बेत मुळात आईसाठी होता. आमच्याकडची जुनी माणसं पचमढीला थंड हवेचं ठिकाण म्हणत नाहीत. तिथे जाणं म्हणजे महादेवाला जाणं. वडील गावातल्या पुरुषांबरोबर कितीदा तरी गेले, खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथला चौरागड चढले. आई एकदाही गेली नाही. घरचं कोणी महादेवाला गेलं की ते परत येईपर्यंत मागे राहिलेल्याने तवा चढवायचा नाही, काही तळायचं नाही, घराला कुलूप घालायचं नाही, असा आमच्या घरचा नेम होता. तो पाळणारं माणूस दर वेळी आईच. आता वडील नाहीत. आईचे गुडघे गेले आहेत, गड चढणं होणार नाही. पण डोंगर तरी पाहावेत, असं ती दोन वर्षांपासून म्हणत होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने पेटीतून शाल काढून झटकून बाहेर ठेवली. जेवताना मध्येच थांबून विचारलं, "मंग घरी कोण राहील?"

"कोण कायले पाहिजे?" भाऊ म्हणाला. "कुलूप लावू. एका दिवसाचंच तं काम आहे."

"महादेवाले गेल्यावर घराले कुलूप लावतेत का रे?"

"माय, आपण फिराले जाऊन राहिलो. दर्शनाले नाही."

"डोंगर त्याचाच आहे न?"

वहिनी ताटाकडे पाहत म्हणाली, "मी राहतो मंग." लगेच धाकटी पुतणी म्हणाली, "मम्मी नाही तं मी पण नाही." मोठीनेही जेवण थांबवलं.

"कोणी राहू नका," आई म्हणाली. "मीच राहतो. मले सवय आहे." ती उठली आणि शाल पुन्हा पेटीत ठेवून आली.

आईच नसेल तर गाडी काढण्यात अर्थ नव्हता. भाऊ माझ्यावर चिडला. "तू काऊन गप्प बसून राहिला? बाकी वेळी तं लई बोलतेस."

मी म्हणालो, मी राहतो.

आईला हसू आलं. "तू? भात मांडता येते का तुले?"

"येतो."

"पाणी किती टाकतेस?"

"तांदळावर बोटाचं एक पेर."

"अन् तांदूळ नवा असला तं?"

मला माहीत नव्हतं. वहिनी हळूच म्हणाली, "कमी, भाऊजी, कमी."

"तू नोको सांगू त्याले," आई म्हणाली. मागे पुरुष राहिल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, "बाईच पाहिजे असं तं मले कोणी सांगतलं नव्हतं." मग नेम सांगितला. मी तो कागदावर लिहून घेतला. दोन्ही वेळ भातच खाणाऱ्या घरात तव्याचा नेम जड नव्हता. कुलुपाचा होता, कारण वावरात जायचं तरी दार नुसतं लोटून जावं लागणार होतं.

पहाटे आई पुढच्या सीटवर बसली. शाल अंगावर होती.

दुपारी दीडच्या सुमारास भावाचा फोन आला. ते पोचल्यापासून ढग उतरलेले होते, दरी दिसलीच नव्हती. आई कठड्याजवळच्या बाकावर बसली होती. "तीनले निघा लागते म्हटलं, तं उठूनच नाही राहिली," तो म्हणाला आणि फोन तिच्याकडे दिला.

काय दिसतं, मी विचारलं.

"काई नाही. पांढरं आहे सगळं. जरासं उघडते, मंग झाकते. मघाशी एक डोंगर दिसला, अर्धा."

तीनला निघालात तर मध्यरात्रीपर्यंत घरी पोचाल, असं मी सांगितलं.

"आम्ही आज नाही येत. सुनेले खोली पाहाले पाठवलं. वावरातलं पाणी तू पाहून घेजो, कमी झालं असन तं शेजारच्याले सांगजो."

मागून भावाचा आवाज आला, "माय, असं कुठं ठरलं होतं?"

"नव्हतं ठरलं," ती त्याला म्हणाली, आणि मग मला, "ठेव आता. उघडून राहिलं."