मोडीचे कागद आणि माझा डिंक

आमच्या वळ गावात जुने कागद बघायला कोणी आलं की आधी समजायचं, गोडाऊनसाठी जमीन हवी आहे. त्यामुळे संग्रहालयासाठी मोडी कागदांचे फोटो काढत फिरणारी ती मुलगी दारात आली, तेव्हा मी पाणी दिलं, पण आत बोलावलं नाही.

कागद होते. पत्र्याच्या डब्यात, सहा. घरात मोडी कोणालाच येत नाही. "आपल्या मान्सांचं काय लिवलंय, ते कोनाकडून तरी वाचून घे," एवढं वडील जाताना सांगून गेले होते. वाचून घ्यायचं तर होतंच. पण हिच्याकडून?

तिने बॅगेतून हातमोजे काढले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ठसे राहू नयेत म्हणूनच ना? "उद्या ये," म्हणालो.

"पोर चांगली हाय. उगाच संशय घेता," बायको म्हणाली.

"जमिनीचे दलाल काय वाईट दिसत व्हते?"

माझं आयुष्य यंत्रमागात गेलं. व्यापाऱ्याने कापडाचा नमुना बदलू नये म्हणून आम्ही तो पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि सही अशी ठोकतो की अर्धी कापडावर, अर्धी पुठ्ठ्यावर. मग काय बिशाद कोणाची! संध्याकाळी बसून सहाही कागदांचं तेच केलं. पाठीमागे काळपट रेघा होत्या, पण पुढची शाई उतरली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. डिंक अगदी सढळ हाताने लावला.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे बघून तिचा चेहरा पडला. मला वाटलं, चोर पकडला.

"आता बदलून दाखव," मी म्हणालो.

ती एक पुठ्ठा उजेडात धरून सावकाश वाचायला लागली. कोणा बाईची साक्ष होती. आडनाव आमचंच. खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की... इथे ती थांबली.

"पुढं काय पाह्यलं तिनं?"

"पुढचं मागच्या बाजूला आहे, काका."

"पान्यात भिजवून सुटंल की."

"कागद सुटेल कदाचित. अक्षरं राहणार नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरातली एक बाई इतक्या वर्षांनी बोलायला लागली होती, आणि तिचं तोंड मीच बंद केलं होतं.