वकीलबाईंनी सही नाकारली

ऑफिसात तिला सगळे वकीलबाई म्हणत. शिकली होती संगणक, पण "असं का?" विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. रुग्णालयाच्या वेबसाइटची देखभाल तिच्याकडे होती.

एका सकाळी एक म्हातारी तपासणीला आली आणि हात हलवत परत गेली. चिठ्ठीवर नऊची वेळ, आणि नऊला डॉक्टरच नाहीत! आठवड्यातली ही तिसरी तक्रार. चिठ्ठ्या दिल्या होत्या नोंदणीच्या खिडकीवरच्या काकांनी; निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलेलं. साहेबांनी अहवाल तयारच ठेवला होता: चूक काकांची. खाली फक्त वकीलबाईंची सही हवी होती.

"तपासल्याशिवाय नाही करणार," ती म्हणाली.

"अहो, बंद वेळ दिली त्यांनी. तपासायचंय काय त्यात?"

"बंद वेळ त्यांना उघडी दिसलीच कशी, ते."

ती काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. नऊची वेळ त्यांच्या पडद्यावर हिरवीगार, म्हणजे उघडी. तिच्या टेबलावरच्या जुन्या ब्राउझरमध्ये मात्र तीच वेळ लाल, म्हणजे बंद. काकांना महिन्यापूर्वी नवा संगणक मिळाला होता, नव्या ब्राउझरसकट.

तिने कोड उघडला. बंद वेळेवर 'डिसेबल्ड' हे अॅट्रिब्यूट, म्हणजे एक खूण, लावलेली होती. स्क्रिप्ट, म्हणजे पानामागचा छोटा प्रोग्राम, त्या खुणेत काय लिहिलंय ते वाचून रंग ठरवत होती. जुना ब्राउझर "हो" म्हणायचा. नवा रिकामी ओळ हातावर ठेवायचा. रिकामं म्हणजे उघडं, असं स्क्रिप्टनं गृहीत धरलेलं. आणि स्क्रिप्ट लिहिली होती खुद्द साहेबांनी.

दोन्ही संगणक तिने साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. साहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"मग पाटी टाका, फक्त जुनाच ब्राउझर वापरा म्हणून."

"उद्या दारावरही पाटी लावू या? ठरावीक चपला घातल्या असतील तरच औषध मिळेल?"

"आवाज खाली, बाई."

"आवाज खाली करते. सही करत नाही."

दुरुस्ती चार ओळींची निघाली. खुणेत काय लिहिलंय हे वाचायचंच नाही. ही वेळ आत्ता बंद आहे की नाही, एवढंच विचारायचं. त्यावर तिने तपासलेल्या जुन्या-नव्या पाचही ब्राउझरांनी एकच उत्तर दिलं.

अहवाल बदलला. काकांचं नाव वगळलं, म्हातारीला त्याच आठवड्यात वेळ मिळाली. वकीलबाईंची बढती तेवढी अडली, साहेबांच्या वार्षिक शेऱ्यात लिहून आलं, "हेकेखोर."

"चला, कागदावर आलं एकदाचं!" नवरा हसला. "मी पंधरा वर्षं तोंडीच सांगत होतो."

शेऱ्यावर खुलासा मागितला होता. तिने लिहिलं, "मान्य आहे," आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बाकीच्या स्क्रिप्टही तपासायला घेतल्या. परवानगी मागितली नाही.