बयाबाईचा डूख

लोहगडवाडीत बयाबाईच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. धाकट्या जावेने एका संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडायचं विसरल्यासारखं केलं, तर ही अकरा वर्षं तिची पायरी चढली नाही. वर दर संक्रांतीला जावेच्या एक दिवस आधी, तिच्याहून दणक्यात हळदीकुंकू केलं. डूख धरावा तर असा, अशी वाडीत तिची ख्याती. आणि नेमक्या याच बाईचा व्हिडिओ काढायची अक्कल लोणावळ्याच्या विक्कीला सुचली.

हा विक्की म्हणजे फोनवरचा 'मावळी विक्की'. गड दाखवायचे, धबधबे दाखवायचे, पवनानगरला पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्या तंबूवाल्यांची पैसे घेऊन वाहवा करायची आणि त्यावर जगायचं. दीड लाख माणसं त्याच्या मागे. दीड लाख म्हणजे किती हे बयाबाईला तेव्हा ठाऊक नव्हतं. श्रावणातल्या एका रविवारी तो गडाच्या पायथ्याला तिच्या टपरीवर बसला, मावशी मावशी करत पिठलं-भाकरी जेवला, ठेचा दोनदा मागून घेतला.

पावसाळ्यात वाडीचं पाणी गढूळ येतं. त्यावर वाडीतल्या सगळ्या बायकांचा एकच उपाय. हात साबणाने स्वच्छ धुवायचा, मुठीत तुरटीचा खडा धरायचा, हंड्यात मनगटापर्यंत हात घालून तो फिरवायचा आणि हंडा झाकून ठेवायचा. गाळ तळाला बसतो, वरचं पाणी आरशासारखं. बयाबाई तेच करत होती.

"हे काय मावशी?" विक्कीने फोन तिच्याकडे धरून विचारलं.

"तुरटी रं बाबा." तिने मूठ उघडून खडा दाखवला.

त्याने मान डोलावली, म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. तरी संध्याकाळी जो व्हिडिओ जगभर गेला त्यात धुतलेला हात नव्हता, उघडलेली मूठ नव्हती, तुरटी तर नव्हतीच. प्यायच्या पाण्यात हात घालून ढवळणारी एक बाई होती फक्त, एकोणीस सेकंद. वर लिहिलं होतं, 'लोहगडावर पाणी पिताय? आधी हे बघा.'

पुढच्या रविवारी माणसं आली ती आपापल्या बाटल्या घेऊन. टपरीसमोर उभी राहून फोटो काढू लागली. एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "हीच ती!" आणि दोघी खिदळल्या. सुनेने, प्रतीक्षाने, तेव्हा कुठे व्हिडिओ दाखवला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन टपऱ्यांनी 'आमच्याकडे बाटलीचं पाणी' अशा पाट्या लावल्या. त्या दोघी घरी तुरटीच फिरवायच्या, पण पाटीला लाज कुठली! वीस वर्षांची टपरी महिन्याभरात ओस पडली. परातीतलं पीठ परातीतच राहायचं. तिच्या हंड्यातलं पाणी पिणारा एकच उरला, वरच्या ठाकरवाडीचा म्हातारा गेणू. तो रोज सकाळी लाकडाची मोळी टाकायचा, चुलीपाशी बसून चहा प्यायचा आणि साऱ्या खोऱ्यातल्या भानगडी सांगायचा.

बयाबाई रडली नाही. रडून विक्कीचं काय जाणार होतं? तिने सुनेला जवळ बसवलं आणि म्हणाली, "ह्यो फोन कसा चालवत्यात ते शिकीव मला."

चौथीत शाळा सुटलेली बाई. पण चुलीसमोर बसून ती बोट ठेवत ठेवत व्हिडिओखालची एकेक शिवी वाचायला शिकली. मास्तरांना चार वर्षांत जे जमलं नाही ते शिव्यांनी दोन महिन्यांत केलं. जोडाक्षरं येऊ लागली. फोनला तोंडाने सांगितलं की तो लिहून देतो, हेही कळलं. विक्कीचे जुने तीनशे व्हिडिओ तिने बघून काढले. तव्यावर भाकरी करपायची, नातीने दोनदा हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. उठताबसता विक्की. देवापुढे हात जोडले तरी डोळ्यांसमोर तोच.

मग तिने त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच वाक्य टाकायला घेतलं. 'मी ती पाण्यातल्या हाताची बाई. मुठीत तुरटी होती. तू ती बघितली होतीस.' विक्कीने आपल्या पानावर तिचं लिहिणं बंद केलं. मग बयाबाईने टपरीवर नवा नियम काढला. चुकूनमाकून जो कोणी यायचा त्याला आधी सगळी हकीकत, मग पाण्याचा गिलास, आणि मग अट. विक्कीच्या ताज्या व्हिडिओखाली आपल्या फोनवरून लिहायचं, 'बयाबाईकडे पाणी प्यालो. जिवंत आहे.' ते लिहिल्याशिवाय पिठलं वाढायचं नाही.

लोकांना काय, गंमत हवीच असते. एकाचे दहा झाले, दहाचे हजार. विक्कीने धबधबा दाखवला तर खाली 'जिवंत आहे', वाढदिवसाचा केक दाखवला तर खाली 'जिवंत आहे'. माणसं व्हिडिओ बघायची सोडून खालचंच वाचू लागली. तंबूवाल्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. टपरी पुन्हा भरू लागली, शेजारच्या दोन्ही पाट्या गुपचूप उतरल्या. कोणी म्हणेल, झालं की मग! पण बयाबाईचं पोट भरलं नव्हतं. तो अजून ताठ मानेने हिंडतोय, एवढंच तिला दिसत होतं.

शेवटी विक्कीचा फोन आला. मावशी, माफी मागायची आहे, कॅमेरा घेऊन येतो.

"फोन घरी ठिवून ये," बयाबाई म्हणाली. "माफी काय तमाशा हाय व्हय?"

आणि तो खरंच आला, एका मंगळवारी, रिकाम्या हाताने. गाल बसलेले, दाढी वाढलेली. "तुरटी होती हे मला माहीत होतं, मावशी," तो म्हणाला. "साधं दाखवलं तर कोणी बघत नाही हो." बोलता बोलता हुंदके देऊन रडायला लागला, नाक वाहायला लागलं. मग उठून तिच्या पाया पडला. हंड्यातलं दोन गिलास पाणी प्याला. बयाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं. जेव आता." तो जेवला, आणि हलका होऊन परतीच्या वाटेला लागला.

तो वळणाआड गेल्यावर बयाबाईने लोणच्याच्या बरणीमागून आपला फोन काढला. तो सगळा वेळ चालूच होता.

"कापून दे," ती प्रतीक्षाला म्हणाली. "माहीत होतं म्हनतोय तितून शेंबूड गळंस्तवर ठिव. बाकीचं नगं."

"आत्याबाई, तो पाया पडला ते?"

"नगं."

"तुमी गंगेला मिळालं म्हनलात ते?"

"नगं म्हनलं ना!"

तीस सेकंदांचा व्हिडिओ झाला. रात्रीतून सगळा मावळ हसला, दोन दिवसांत पुणं हसलं. विक्कीने आपलं पान बंद केलं, लोणावळा सोडून तो कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. बयाबाईने ते रडणं शंभरदा बघितलं आणि शंभरही वेळा तिला गोड लागलं. खोटं कशाला सांगा, सांगणाऱ्यालाही गोडच लागलं.

व्हिडिओ ठाकरवाडीतही पोचला, आणि मग एका सकाळी गेणूने मोळी टाकली, पण तो चुलीपाशी आला नाही. बाहेरच उभा राहिला.

"बसा की, गेणूभाऊ. च्या उकळलाय."

"बसतो. पर वैनी, फोन कुटं हाय तुमचा?"

"का वं?"

"आमच्या पोराचं, उमेशचं, जरा इचारायचं व्हतं. घरातलं हाय." त्याची नजर बरण्यांवरून फिरत होती.

बयाबाईला ते लागलं. इतकी वर्षं हा माणूस पोटातलं सगळं याच चुलीपाशी ओकत आला होता. आजवर त्यातला एक शब्द तिने बाहेर जाऊ दिला नव्हता. तिने पदराआडचा फोन काढला आणि सरळ त्याच्या हातात ठेवला. "घ्या, तुमीच धरा. आता तरी बोलाल?"

गेणूने फोन उलटसुलट करून पाहिला आणि हळूच मोळीवर ठेवून दिला.

"ह्यो बंद हाय का चालू, वैनी," तो म्हणाला, "मला कसं कळावं?"

त्याने उभ्यानेच चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि उमेशचं काही न सांगता तो वर ठाकरवाडीकडे चालू लागला.